बुडालेलं लढाऊ विमान समुद्रातून वर का काढतात?

२६ ऑक्टोबर २०२५ रोजी दक्षिण चीन समुद्रात अमेरिकेच्या ‘निमिट्झ’ या विमानवाहू नौकेवरची दोन विमानं अर्ध्या तासाच्या अंतराने पाण्यात गेली. आधी एक सीहॉक हेलिकॉप्टर पडलं, मग एफ/ए-१८एफ सुपर हॉर्नेट हे लढाऊ विमान. दोन्हींतले मिळून पाचही जण वाचले. डिसेंबरात अमेरिकी नौदलाने दोन्हींचे अवशेष साधारण १२० मीटर खोलीवरून वर काढले.

अशी बातमी वाचली की मनात येतंच: माणसं सुखरूप आहेत, विमान तर भंगार झालं, मग त्यामागे जहाजं आणि यंत्रमानव कशाला लावायचे? यावर बहुतेक चर्चेत एकच उत्तर मिळतं, ‘शत्रूच्या हाती गुपितं पडू नयेत म्हणून’. ते खरं आहे, पण त्या उत्तराच्या झगमगाटात याहून मोठं कारण झाकलं जातं. विमान का पडलं, याचा पुरावा पुष्कळदा त्या विमानाबरोबरच तळाला गेलेला असतो, आणि त्याच बनावटीची दुसरी विमानं त्या वेळी हवेत असतात.

समुद्रावर उतरणं इतकं अवघड का

लढाऊ विमानांसाठीची जमिनीवरची धावपट्टी दोन-अडीच किलोमीटर लांब असते आणि जागची हलत नाही. विमानवाहू नौकेवर उतरायला जेमतेम दोनशे-अडीचशे मीटर मिळतात, आणि तेवढी पट्टीही पुढे सरकत असते, लाटांवर वरखाली होत असते. विमानाच्या शेपटीखाली एक पोलादी आकडा असतो. डेकवर आडव्या ताणलेल्या जाड तारांपैकी एखादीत तो अडकला की विमान दोन-तीन सेकंदांत थांबतं. तार हुकली तर पुन्हा हवेत जाता यावं म्हणून वैमानिक चाकं टेकताक्षणी इंजिनाला पूर्ण जोर देतो. म्हणजे ज्या क्षणी थांबायचं, त्याच क्षणी उडण्याचीही तयारी ठेवायची.

२४ जानेवारी २०२२ला ‘कार्ल विन्सन’ नौकेवर एफ-३५सी हे अमेरिकेचं लढाऊ विमान असंच उतरत होतं. वैमानिकाने नौकेच्या जवळून वळून झटपट उतरण्याची पद्धत निवडली होती. तसं तो पहिल्यांदाच करत होता. त्या घाईत, उतरताना इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणाऱ्या दोन प्रणाली चालू करायच्या राहून गेल्या. जोर कमी पडतोय हे लक्षात येईपर्यंत उशीर झाला. विमान डेकच्या मागच्या काठावर आदळलं, गरगरत पुढे घसरलं आणि समुद्रात गेलं. वैमानिक आसनासकट बाहेर फेकला गेला म्हणून वाचला. तो धरून सात जण जखमी झाले.

विमान उडत असतानाच पडतं असंही नाही. जुलै २०२२मध्ये भूमध्य समुद्रात वादळी हवेने ‘हॅरी ट्रुमन’ नौकेच्या डेकवरचं एक सुपर हॉर्नेट उचलून पाण्यात टाकलं. एप्रिल २०२५मध्ये त्याच नौकेवर हँगरमध्ये ओढून नेलं जात असलेलं विमान ट्रॅक्टरसकट समुद्रात गेलं. अमेरिकेची नावं इथे वारंवार येतात, कारण मोठ्या विमानवाहू नौका सर्वांत जास्त त्यांच्याकडे आहेत आणि अपघातांची माहितीही ते बऱ्यापैकी खुली करतात.

आधी माणूस

अवशेषांचा विचार नंतर, आधी वैमानिकाचा शोध. इजेक्शन सीट म्हणजे रॉकेटच्या जोरावर वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारं आसन. समुद्रावर त्यात एक वेगळा धोका असतो: पाण्यात पडल्यावर वाऱ्याने फुगलेलं पॅराशूट माणसाला फरफटत नेतं किंवा त्याच्या दोऱ्या अंगाला गुंडाळल्या जातात. म्हणून नौदलाच्या वैमानिकांच्या पट्ट्यांमध्ये खाऱ्या पाण्याचा स्पर्श झाला की पॅराशूट आपोआप सोडून देणारी कळ बसवलेली असते. हात मोडला असेल, शुद्ध हरपली असेल, तरी ती कळ काम करते. विमानवाहू नौकेवरून उड्डाणं चालू असताना बचावासाठीचं एक हेलिकॉप्टर तयार ठेवलेलं असतं.

हे सगळं असूनही दर वेळी यश येत नाही. २६ नोव्हेंबर २०२०ला ‘आयएनएस विक्रमादित्य’वरून उडालेलं प्रशिक्षणाचं मिग-२९के गोव्याजवळच्या समुद्रात कोसळलं. शिकाऊ वैमानिक सापडला, प्रशिक्षक सापडले नाहीत. नऊ युद्धनौका आणि चौदा विमानं शोधात होती. तळाचं मापन करून आणि पाणबुडे उतरवून शोध घेतल्यावर ७ डिसेंबरला त्यांचा मृतदेह सुमारे ७० मीटर खोलीवर मिळाला. अवशेष शोधण्यामागचं हेही एक कारण आहे, आणि त्याला पैशाचा हिशेब लावू नये असं मला ठामपणे वाटतं.

पडलं ते ठिकाण माहीत असतं, मग शोधायचं काय?

रडारवर विमान शेवटचं दिसलं ती जागा माहीत असते, पण ती हवेतली. तिथून पाण्यापर्यंत विमान किती पुढे गेलं, बुडताना प्रवाहाने किती सरकलं, तुकडे झाले असतील तर कुठला कुठे गेला, हे कोणालाच दिसलेलं नसतं. जे तरंगतं ते तर आणखी फसवतं, कारण दोन दिवसांत वारा ते तुकडे भलतीकडेच नेतो. त्यामुळे नकाशावर एक ठिपका नसतो, अनेक चौरस किलोमीटरचा पट्टा असतो.

विमान किती शाबूत राहिलं हे त्याच्या वेगावर ठरतं. डेकवरून घसरलेलं विमान कमी वेगाने पाण्यात जातं आणि बहुतांशी अखंड तळाला टेकतं. उंचावरून सूर मारून आलेल्या विमानाची गोष्ट वेगळी. त्या वेगात पाण्याला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही, आणि विमानाच्या चिंधड्या होतात.

खोल पाण्यात रेडिओलहरी चालत नाहीत, जीपीएस चालत नाही, काहीशे मीटर खाली उजेडही पोचत नाही. उरतो तो आवाज, जो पाण्यात सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर धावतो. शोधाचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे.

पहिला मार्ग ऐकण्याचा. अनेक विमानांच्या नोंदयंत्राला, म्हणजे ब्लॅक बॉक्सला, एक छोटा पिंगर जोडलेला असतो. पाणी लागलं की तो ठरावीक वेळाने ‘टिक्’ असा संकेत देऊ लागतो. त्याची वारंवारता साधारण ३७.५ किलोहर्ट्झ असते, माणसाच्या कानाला ऐकू येण्याच्या पलीकडची. बॅटरी जुन्या यंत्रांत महिनाभर टिकते, नव्यांत तीन महिने. संकेत फार तर काही किलोमीटर जातो, त्यामुळे समुद्र खोल असेल तर ऐकणारं यंत्र लांब दोरीला बांधून खाली सोडावं लागतं. भारतीय तटरक्षक दलाचं डॉर्नियर विमान जून २०१५मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ तीन जणांसह बेपत्ता झालं होतं. ‘आयएनएस सिंधुध्वज’ या पाणबुडीने त्याचा क्षीण, तुटक संकेत टिपला. मग समुद्रातल्या तेलउद्योगासाठी वापरलं जाणारं ‘ऑलिंपिक कॅन्यन’ हे जहाज आणलं गेलं आणि जुलैत सुमारे ९५० मीटर खोलीवर नोंदयंत्र मिळालं. बॅटरी संपत आली असतानाच हे घडलं.

संकेत नसेल तर दुसरा मार्ग, सोनारने तळ धुंडाळण्याचा. सोनार म्हणजे आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून चित्र उभं करणारं यंत्र. अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा झोत समोरून न टाकता भिंतीला घासून तिरका टाकला, तर भिंतीवरचा बारीकसा उंचवटाही सावलीमुळे उठून दिसतो. तळाजवळून ओढलं जाणारं सोनार नेमकं हेच करतं, प्रकाशाऐवजी आवाजाने. चिखलाच्या सपाट पडद्यावर एक उजळ ठिपका आणि त्यामागे लांबट काळी सावली दिसली की तज्ज्ञ थांबतात. सरळ रेषा आणि काटकोन निसर्गात सहसा आढळत नाहीत. मग प्रत्येक संशयित ठिपक्यापाशी कॅमेरा पाठवायचा. त्यांतले बरेचसे खडक निघतात.

हे काम किती चिवट असू शकतं, ते हवाई दलाच्या एएन-३२ विमानाने दाखवलं. ते जेट नव्हतं, पंख्यांवर चालणारं मालवाहू विमान होतं, पण समुद्र तोच. २२ जुलै २०१६ला तांबरमहून पोर्ट ब्लेअरला जाताना ते २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर नाहीसं झालं. मोठा शोध झाला, काही मिळालं नाही. जानेवारी २०२४मध्ये राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणयानाने ३,४०० मीटर खोलीवर काढलेल्या छायाचित्रांत अवशेष दिसले आणि ते त्याच विमानाचे असावेत असं संरक्षण मंत्रालयाने जाहीर केलं. साडेसात वर्षं त्या कुटुंबांना एवढीही खूण मिळाली नव्हती.

तळावरून वर कसं काढतात

दर दहा मीटर खाली गेलं की पाण्याचा दाब आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबाएवढा वाढतो. ‘कार्ल विन्सन’वरचं एफ-३५ जिथे पडलं तिथली खोली होती सुमारे ३,७८० मीटर. म्हणजे एकेका चौरस सेंटिमीटरवर पावणेचारशे किलोंहून जास्त भार. विशेष तयारीचे पाणबुडे फार तर तीनशे मीटरांच्या आसपास काम करतात. त्याखाली यंत्रच.

अमेरिकी नौदलाकडचं ‘कर्व्ह-२१’ हे दूरनियंत्रित यान सहा किलोमीटर खोल जाऊ शकतं. त्याला केबलमधून वीज आणि आदेश मिळतात, वर जहाजावर बसलेला चालक पडद्यावर बघत त्याचे यांत्रिक हात हलवतो. ‘पिकासो’ नावाच्या भाड्याच्या जहाजावरून हे यान उतरवलं गेलं. त्याने विमानाला खास पट्टे आणि दोर बांधले. मग जहाजाच्या क्रेनचा आकडा तळापर्यंत सोडून त्या दोरांत अडकवला, आणि २ मार्च २०२२ला, अपघातानंतर ३७ दिवसांनी, विमान वर आलं.

सांगायला हे चार वाक्यांत होतं. करताना पहिली अडचण म्हणजे दोर कुठे बांधायचा. विमानाची रचना ज्या ठिकाणांहून उचलण्यासाठी केलेली असते ती ठिकाणं चिखलात रुतलेली किंवा तुटलेली असू शकतात, आणि भलत्या जागी ताण दिला तर पुरावाच फाटतो. दुसरी अडचण लाटांची. वर जहाज लाटेवर दोन मीटर उचललं गेलं की किलोमीटरभर लांब दोराला हिसका बसतो, म्हणून तो हिसका शोषून घेणारी यंत्रणा लागते. सर्वांत नाजूक क्षण येतो पाण्याच्या पृष्ठभागाशी. तोवर पाणी विमानाला उचलून धरत असतं. बाहेर येताच तो आधार जातो, आत भरलेल्या पाण्याचं वजनही दोरावर येतं आणि लाटा वरून थपडा मारतात. हजारो मीटर सुखरूप आलेला भार शेवटच्या काही मीटरांत निसटू शकतो.

खोलीचा विक्रम एका हेलिकॉप्टरच्या नावावर आहे. जानेवारी २०२०मध्ये ओकिनावाजवळ पडलेलं अमेरिकी नौदलाचं एमएच-६०एस मार्च २०२१मध्ये ५,८१४ मीटरांवरून काढलं गेलं. त्यात कोणतंही मोठं गुपित नव्हतं. ते का पडलं हे कळावं, एवढ्यासाठीच तो खटाटोप झाला.

तुकडे काय सांगतात

वर आलेलं नोंदयंत्र लगेच सुकवत नाहीत. उलट गोड्या पाण्याच्या डब्यात बुडवून प्रयोगशाळेत नेतात. खारं पाणी आणि हवा एकत्र आली की धातू झपाट्याने गंजतो, मीठ सुकून स्मृतीच्या चिपांवर बसतं. आधुनिक विमानांत कार्बन तंतूंचे भाग आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना जोडलेले असतात. खाऱ्या पाण्यात या जोडीतून अतिशय सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो आणि अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. म्हणून उशीर जितका जास्त, तितका पुरावा पुसट.

नोंदयंत्राखेरीजही पुष्कळ काही बोलतं. मोडलेल्या धातूची कड भिंगाखाली बघितली की तो कसा मोडला ते कळतं. एका फटक्यात तुटला असेल तर कड खडबडीत आणि मंद रंगाची असते. महिनोन्‌महिने हळूहळू भेग वाढत गेली असेल तर तिथे गुळगुळीत भागावर एकामागे एक समांतर वक्र रेघा दिसतात. पहिल्या प्रकारात तो भाग पाण्यावर आदळताना मोडला असण्याची शक्यता मोठी, दुसऱ्यात तोच अपघाताचं मूळ असू शकतो. जुन्या विमानांत इशाऱ्याच्या दिव्यातली तारही साक्ष देते: दिवा पेटलेला असताना धक्का बसला तर तापलेली तार लांब ताणली जाते, विझलेला असेल तर गार तार ताण न घेता तशीच राहते किंवा कडकन तुटते. इतक्या लहानशा तारेवरून शेवटच्या क्षणी वैमानिकासमोर कुठला इशारा चमकत होता ते समजतं. मला या सगळ्या शास्त्रात हे सर्वांत विलक्षण वाटतं.

दोन एफ-३५ची तुलना करून बघा. १७ नोव्हेंबर २०२१ला ब्रिटनच्या ‘क्वीन एलिझाबेथ’ नौकेवरून उडू पाहणारं एफ-३५बी पुरेसा वेग न मिळाल्याने पट्टीच्या टोकावरून भूमध्य समुद्रात पडलं. वैमानिक वाचला. अमेरिका आणि इटलीच्या मदतीने अवशेष काही आठवड्यांत काढले गेले. चौकशीत निघालं की विमान उभं असताना इंजिनाच्या हवेच्या तोंडावर लावायचं लाल झाकण आतच राहिलं होतं. इंजिनाला हवा कमी मिळाली. विमानात खोट नव्हती, तपासणीच्या पद्धतीत होती, आणि झाकणांची मोजणी-नोंद कशी व्हावी यावर त्यातून ठोस शिफारशी आल्या.

दुसरं जपानचं. ९ एप्रिल २०१९ला मिसावा तळावरून उडालेलं एफ-३५ए रात्रीच्या सरावात ताशी १,१०० किलोमीटरांहून अधिक वेगाने प्रशांत महासागरात शिरलं. वैमानिकाचा मृत्यू झाला. दीड किलोमीटर खोल तळावर विखुरलेले तुकडे सापडले, नोंदयंत्राचे भागही मिळाले, पण ज्यात माहिती साठते तो स्मृतीचा भाग मिळाला नाही. रडार आणि इतर विमानांकडच्या नोंदींवरून वैमानिकाला दिशाभ्रम झाला असावा, म्हणजे वर-खालीचं भान सुटलं असावं, असा निष्कर्ष काढला गेला. तो बहुधा बरोबर असेल. पण ‘बहुधा’ आणि ‘नक्की’ यांतलं अंतर त्या न मिळालेल्या तुकड्याएवढं आहे.

मग शत्रूची भीती खोटी का?

अजिबात नाही. १९६८मध्ये प्रशांत महासागरात बुडालेली सोव्हिएत पाणबुडी ‘के-१२९’ खुद्द सोव्हिएतांना सापडली नव्हती. अमेरिकी नौदलाने ती शोधली, मग सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेने ‘ग्लोमार एक्सप्लोरर’ हे जहाज खास बांधून घेतलं, समुद्रतळावरच्या खनिजांचा शोध चालू आहे असं जगाला सांगितलं आणि १९७४मध्ये पाच किलोमीटर खोलीवरून तिचा काही भाग उचलला. उचलताना उरलेला तुटून परत खाली गेला. पन्नास वर्षांपूर्वी हे जमलं, तर आज ते इतरांनाही जमेल असं मानूनच नौदलं चालतात. म्हणूनच सप्टेंबर १९७६मध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेला ‘जॉन एफ. केनेडी’ नौकेवरून एक एफ-१४ लढाऊ विमान त्याच्या फिनिक्स क्षेपणास्त्रासह घरंगळलं, तेव्हा ते दोन्ही परत मिळवण्यासाठी अमेरिकेने छोटी अणुपाणबुडी कामाला लावली होती.

कायदा काय म्हणतो? लष्करी विमान कुठेही पडलं तरी ते त्या देशाचंच राहतं, त्याने उघडपणे हक्क सोडल्याशिवाय ते ‘सापडेल त्याचं’ होत नाही, अशी भूमिका अमेरिकेसह अनेक देश घेतात. पण खुल्या समुद्रात कोणाचं जहाज कुठे थांबावं यावर पहारा ठेवणारा पोलीस नाही. २०२२मध्ये चीनने ‘कार्ल विन्सन’वरून पडलेल्या एफ-३५मध्ये आपल्याला रस नसल्याचं जाहीर केलं होतं, तरी अमेरिकेने ते तिथे राहू दिलं नाही.

खारं पाणी लागल्यावर गुपित उरतं का? आणि तिथेच उडवून का देत नाहीत?

इलेक्ट्रॉनिक भाग निकामी होतात हे खरं. पण गुपित फक्त चालू यंत्रात नसतं. रडारला चकवणारा लेप कशाचा आहे, पंख्याची पाती कुठल्या मिश्रधातूची आहेत, अँटेनाचा आकार काय, हे बंद पडलेल्या तुकड्यावरूनही कळतं.

स्फोट करायचा तर आधी विमान शोधून त्याच्यापर्यंत पोचावंच लागतं, म्हणजे निम्मं कष्टाचं काम करून झालेलं असतं. स्फोटानंतर तुकडे पसरतात, नाहीसे होत नाहीत, आणि पुरावा मात्र जातो. त्यातून इजेक्शन सीटची स्फोटकं, इंधन, बॅटऱ्या, क्षेपणास्त्रं असं बरंच काही खाली असतं.

सगळंच काढतात का?

नाही. जानेवारी १९६६मध्ये स्पेनजवळ बी-५२ या अमेरिकी बॉम्बफेकी विमानाची हवेत टक्कर होऊन एक हायड्रोजन बॉम्ब समुद्रात पडला. एका मच्छीमाराने तो पडताना पाहिला होता, त्याने दाखवलेल्या दिशेने शोध घेऊन ‘अ‍ॅल्विन’ या पाणयानाने तो शोधला आणि आजच्या ‘कर्व्ह’च्या पूर्वजाने एप्रिलमध्ये तो वर आणला. पण त्या टकरीच्या सुमारे दीड महिना आधी, ५ डिसेंबर १९६५ला, ‘टिकॉन्डेरोगा’ नौकेच्या लिफ्टवरून एक ए-४ स्कायहॉक विमान अणुबॉम्ब आणि वैमानिकासह घरंगळलं होतं. ते जपानच्या र्‍युक्यू बेटांजवळ सुमारे पाच किलोमीटर खोलीवर आजही आहे. जपानी जनतेला ही गोष्ट कळली ती १९८९मध्ये.

खर्चाचा आक्षेप इथे नेहमी येतो. एका एफ-३५ची किंमत दहा कोटी डॉलरच्या घरात असते आणि वर काढलेलं विमान पुन्हा उडत नाही, हे कबूल. पण कारण न कळता तोच दोष दुसऱ्या विमानात राहिला, तर जाणारी किंमत नुसती विमानाची नसते.

भारतासाठी हा विषय आता लांबचा नाही. एप्रिल २०२५मध्ये नौदलासाठी २६ राफेल-मरीन विमानांचा करार झाला. जुलै २०२५मध्ये ‘आयएनएस निस्तार’ हे भारतात बांधलेलं पाणबुडा-सहाय्य जहाज नौदलात आलं, ज्यावरून पाणबुडे ३०० मीटरांपर्यंत काम करू शकतात. साधनं येत आहेत. उणीव आहे ती दुसऱ्या टोकाला. ब्रिटनने झाकणाची चूक स्वतःच्या अहवालात छापली, अमेरिका नावं आणि गोपनीय भाग गाळून तपास प्रसिद्ध करते, आपल्याकडे लष्करी चौकशीचे अहवाल सहसा बाहेर येत नाहीत. शस्त्रांची माहिती झाकून ठेवावी, त्याबद्दल वाद नाही. अपघाताचं कारण आणि त्यानंतर काय बदललं, एवढं तरी प्रत्येक वेळी जाहीर व्हायला हवं. ज्यांचं माणूस गेलं त्यांना ते कळायला हवं, आणि उद्या त्याच आसनावर बसणाऱ्यालाही.